काठी कुणासाठी?

कोकणात मासे गरवणं नवं नाही. गरवायची काठी घरी बांधण्याची हौस मात्र नवी आहे. कोरा ब्लँक, म्हणजे नुसती निमुळती पोकळ नळी, आणायची. तिच्यावर मूठ चढवायची, रीळ बसवायची जागा करायची, दोर ओवायच्या कड्या धाग्याने बांधायच्या आणि वरून इपॉक्सीचा थर द्यायचा. अमेरिकेत या छंदाला दीडशेहून जास्त वर्षांची पूर्वपीठिका आहे आणि त्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. आपल्याकडे पुणे, मुंबई, गोवा इथली थोडी मंडळी आता यात पडू लागली आहेत.

पुढच्या संवादातला मामा दाभोळच्या खाडीवर जन्मभर हातदोराने गरवत आला आहे. भाची पुण्यात नोकरी करते आणि रात्रीची आवराआवर झाली की रॉड बांधायला बसते. दोघांनाही भीडभाड ठाऊक नाही. निवाडा मी शेवटी देणार आहे; वाचकाने त्याआधी आपला करून ठेवावा.

मामा : आधी हिशेब सांग गो. दुकानात तयार रॉड मिळतो. मोडला तर दुसरा मिळतो. तू सुट्या वस्तू मागवतेस, रात्र-रात्र धागा गुंडाळत बसतेस. त्यात वाचवतेस काय?

भाची : काही नाही. उलट जास्तच जातात. चांगला ब्लँक बहुतेक बाहेरच्या देशातून येतो. तो लांब आणि नाजूक, त्यामुळे पाठवणावळ भरमसाट. वर जकात. कड्या, रीळ सीट, मुठीचं कॉर्क हे सगळं मी किरकोळ भावाने घेते. कारखाना तेच हजारांनी उचलतो. पैसे वाचवायला कुणी या वाटेला येत असेल तर त्याने येऊच नये.

मामा : बरं. मग मासे जास्त लागतात?

भाची : तेही नाही. माशाला आमिष दिसतं, गरी दिसते, पाण्यावर पडलेली आपली सावलीही दिसते. काठी कुणी बांधली याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मामा : पैसे वाचत नाहीत, मासे वाढत नाहीत. मग उरली ती मिरवायची हौस.

भाची : थांब. तू दुकानातला रॉड हातात घेऊन कधी फेकलायस? रिळाच्या मागे जो दांडा असतो तो माझ्या कोपराच्या बराच पुढे जातो. फेकताना पोटाला अडतो, मासा ओढताना बरगडीत रुततो. ते माप कुणातरी मध्यम बांध्याच्या पुरुषाचं आहे. रीळ सीटचंही तसंच. ती १६, १७, १८, २० अशा मिलिमीटरच्या मापांत येते. दणकट रॉड घ्यायला गेलं की त्यावर मोठीच सीट बसवलेली असते आणि माझी बोटं तिच्याभोवती पुरती मिटत नाहीत. दिवसभर फेकून मनगट सुजतं. मी बांधायला लागले ती या मनगटापायी.

मामा : एवढंच ना? मग मागचा दांडा करवतीने काप की. कोयत्याची मूठ बोचली तर आपण तासून घेतो, त्यासाठी नवा कोयता घडवत नाही.

भाची : दांडा कापला की तोल जातो. मागचं वजन कमी झालं की टोक जड लागतं. मग टोकाकडच्या कड्या हलक्या आणि लहान कराव्या लागतात, नाहीतर काठी हातात सतत पुढे कलते. कड्या काढून पुन्हा लावायच्या म्हणजे बांधणंच आलं. एका टोकाला हात लावला की दुसऱ्या टोकाचा हिशेब बदलतो, हे मला काठी बांधल्यावर कळलं. विकत आणली असती तर कळलं नसतं.

मामा : आता माझं ऐक. तुमची काठी माणसाला मुळातच दुबळं करते. हातदोर धरला की मासा आणि माझं बोट यांच्यामध्ये फक्त तंगूस असतो. शिंगाळा आमिष चघळतोय की खेकडा कुरतडतोय ते बोटाला कळतं. गोबरा कपारीकडे वळला की दोन्ही हातांनी दोर खेचून मी त्याला बाहेर काढतो. काठीवाले बघितलेत मी. काठी वाकते, माणूस मागे रेलतो, गोबरा मात्र कपारीत जाऊन बसतो.

भाची : हे तू अगदी बरोबर बोललास, आणि गणितही तुझ्याच बाजूने आहे. आठ फुटी काठी घे. बूड पोटाला टेकलेलं, हात बुडापासून फूटभर वर. टोकाला माशाची ओढ एक किलोची असेल आणि काठी दोराशी काटकोनात असेल, तर हाताला आठ किलोची ओढ सोसावी लागते. पहारीने दगड उचलताना तरफ आपल्या बाजूने असते. इथे ती माशाच्या बाजूने असते. काठी वाकली की तिची कामाची लांबी कमी होते आणि भार थोडा उतरतो, म्हणून तर ती वाकणारी असते. खेचण्याच्या कामात हातदोराची बरोबरी कुठलाही रॉड करणार नाही.

मामा : मग ही उलटी तरफ हवी कशाला?

भाची : तीन कामांसाठी. पहिलं फेकण्याचं. लांब काठीचं टोक हातापेक्षा कितीतरी वेगाने फिरतं, म्हणून हलकं आमिषही दूर जातं. दुसरं झटका सोसण्याचं. मासा अचानक धावला तर आधी काठी वाकते, दोरावर एकदम ताण येत नाही. म्हणून बारीक दोर चालतो. तिसरं काम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपल्या खडकांवर कालवं असतात. त्यांच्या धारेला तंगूस नुसता घासला तरी तुटतो. खडकाच्या टोकाला दहा फुटी काठी धरून उभं राहिलं की दोर कालवांच्या वरून जातो.

मामा : हे तिसरं मी मानतो. कालवांनी माझे किती दोर खाल्ले त्याला गणती नाही.

भाची : पण तीच दहा फुटी काठी होडीत घेऊन बसलास तर फसशील. तिथे मासा थेट खाली असतो, फेकायचं नसतं, उलटी तरफ तेवढी नडते. म्हणून होडीतल्या जिगिंगला, म्हणजे आमिष खालीवर नाचवत गरवायला, साडेपाच-सहा फुटांची आखूड काठी. खाडीत खारफुटीच्या मुळांतून तांबोशी काढायची तर सात फुटांची, पण बुडाशी ताठ, कारण पहिल्याच हिसक्यात ती मुळांपासून फिरवायला हवी. सगळीकडे चालेल अशी चांगली काठी मिळत नाही. तू कुठे उभा राहणार आणि पाण्यात आडवं काय येणार, हे आधी ठरवावं लागतं.

मामा : ठरव. पण तू ज्याला ‘मी बांधला’ म्हणतेस तो ब्लँक कुणी केला? कारखान्याने. कड्या कुणी केल्या? त्याही कारखान्याने. तू त्यावर धागा गुंडाळलास. माझ्या वडिलांची काठी माणग्याची होती. बेटातून तिसऱ्या वर्षाचा बांबू ते स्वतः निवडायचे, पावसाळा सरल्यावर तोडायचे, सावलीत सुकवायचे, वाकडा असेल तर निखाऱ्यावर शेकून सरळ करायचे. माणगा जवळजवळ भरीव, लवकर पिचत नाही. त्या काठीत बाहेरचं होतं काय? गरी आणि दोर.

भाची : ब्लँक मी करत नाही, हे कबूल. राळ लावलेलं कार्बनचं कापड नेमक्या आकारात कापून निमुळत्या पोलादी दांड्यावर गुंडाळतात, वरून फीत आवळतात, भट्टीत तापवतात आणि मग आतला दांडा काढून घेतात. हे घरात होण्यासारखं नाही. पण नळी म्हणजे रॉड नव्हे. कड्या कुठे बसणार यावर ती नळी कशी वागेल ते ठरतं. मी ब्लँक भिंतीजवळ आडवा अडकवते, कड्या चिकटपट्टीने तात्पुरत्या लावते, दोर ओवून टोकाला वजन बांधते. काठी वाकली की दोराची रेघ तिच्या बाकासोबत चालली पाहिजे. जिथे दोर बाक सोडून आडवाटेने जातो तिथे कडी कमी आहे किंवा चुकीच्या जागी आहे. वजन वाढवायचं, पुन्हा बघायचं, कडी बोटभर सरकवायची, पुन्हा बघायचं. एवढा वेळ कारखाना एकेका काठीला देऊ शकत नाही.

मामा : आणि धागाच का? छोटा स्क्रू मारला की काम झालं.

भाची : भोक पाडलं की कार्बनचे तंतू तुटले. काठी पुढे नेमकी तिथेच मोडणार. नुसती चिकटवली तरी काठी वाकताना कडीचा ताठ पाय उचकटतो. धागा पायाला घट्ट आवळतो आणि वाकताना किंचित हलूही देतो. इपॉक्सी त्या धाग्यात मुरते, पाणी आत जाऊ देत नाही. बांबूच्या काळापासून कडी धाग्यानेच बांधत आलेत, ते याच कारणाने.

मामा : पण तू मुठीच्या वर जी रंगीत नक्षी केलीस, चौकटीवर चौकटी, तिचं कारण काय?

भाची : तिला कारण नाही. ती मला आवडते. काठीच्या बुडाशी केली म्हणजे वाकण्यात फरक पडत नाही. टोकाकडे केली असती तर तू खुशाल कान धर.

मामा : हे आवडलं मला. निदान नक्षीला तू विज्ञान म्हणत नाहीस.

भाची : म्हणणारे आहेत. ब्लँकला एक ताठ बाजू असते, तिला ‘स्पाइन’ म्हणतात. कड्या तिच्यावर लावायच्या की तिच्या विरुद्ध बाजूला, यावर रॉड बांधणारे रात्री जागवतात. काहीजण तर काठी ज्या रेषेत सर्वांत सरळ दिसते ती रेषा धरतात आणि स्पाइनकडे बघतही नाहीत. सगळ्याच गटांचे रॉड मासे काढतात.

मामा : मग माणग्याकडेच ये ना परत. कारखानाही नको, जकातही नको.

भाची : गंमत अशी, की हा छंद बांबूतूनच निघाला आणि तो पहिला बांबू आपल्याच देशातला होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुका घडवणारा कारागीर होता. व्हायोलिनही करायचा. १८४० च्या दशकात त्याने बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठ्या केल्या. तो आणि त्याच्या मागून आलेले कारागीर ज्या बांबूवर काम करत तो भारतातून जायचा. त्याला ते ‘कलकत्ता’ म्हणत. त्याच्यावर भाजल्याचे डाग असायचे, किडीने खाल्लेली कांडी निघायची, पण पट्टी चिवट होती.

मामा : आखा बांबू सोडून चिरायचा कशाला?

भाची : बांबूची ताकद सालीलगत असते. तिथे तंतू दाट असतात, आत जावं तसे विरळ होतात. म्हणून सालीकडच्या सहा पट्ट्या काढायच्या, प्रत्येकीचा छेद साठ अंशांचा समभुज त्रिकोण, आणि साल बाहेर ठेवून सहाही एकत्र चिकटवायच्या. षटकोनी काठी तयार होते आणि तिच्या सगळ्या बाजूंना फक्त चिवट भाग येतो. पट्टीच्या दोन बाजूंना रंधा चालतो. सालीच्या बाजूला लावला की सगळं संपलं. पेरं एका रेषेत येऊ नयेत म्हणून पट्ट्या पुढेमागे सरकवून घ्यायच्या. आणि बुडाकडून टोकाकडे निमुळती होणारी प्रत्येक पट्टी इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात रंधायची.

मामा : मग तो कलकत्त्याचा बांबू सोडला कशाला?

भाची : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधला टोंकिन बांबू आला आणि त्याने आपला मागे सारला. कांडी लांब, भिंत जाड, काठ्या सरळ. क्वांगतुंग प्रांतात सुई नदीकाठच्या डोंगराळ भागात तो होतो. मॅक्ल्युअर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तो यायचा थांबला. त्याच सुमाराला काचतंतूच्या काठ्या बाजारात आल्या. १९७० नंतर कार्बन आला, जो मुळात विमानांसाठी इंग्लंडमध्ये फार्नबरो इथे विकसित झाला होता. बांबूचे कारखाने एकामागून एक बसले.

मामा : म्हणजे विद्या गेली.

भाची : जवळजवळ गेलीच होती. ती आधीच लपवलेली होती ना! मेन राज्यातला हायरम लेनर्ड हा त्या धंद्यातला मोठा माणूस. पट्ट्या कापायचं त्याचं यंत्र कुलूपबंद खोलीत असायचं, अशी ख्याती. घराण्याबाहेर माप जायचं नाही. मग एव्हरेट गॅरिसन नावाचा न्यूयॉर्ककडचा अभियंता आला. पूल-इमारतींच्या तुळया मोजतात तसा ताणाचा हिशेब मांडून त्याने काठीच्या प्रत्येक पाच इंचांवरची जाडी ठरवली. पोलादाच्या दोन पट्ट्या, त्यांच्यातली फट कमी-जास्त करायला पाच-पाच इंचांवर स्क्रू, आणि हातरंधा. एवढ्यावर घरात काठी होते हे त्याने करून दाखवलं. १९७५ मध्ये तो गेला. त्याच्याजवळ शिकलेल्या होगी कारमायकल ज्युनिअरने १९७७ मध्ये सगळी कृती, मापांसकट, पुस्तकात छापली. कुणीही रंधा घेऊन बसावं. त्यानंतर नोकरदार, शिक्षक, डॉक्टर आपापल्या गॅरेजात बांबू रंधू लागले. धंदा मेला तरी विद्या राहिली, ती अशा हौशी लोकांमुळे.

मामा : इथे मला एक टोचतं, बोलू? आमच्याकडे खारवी वाड्यात बायका दिवसभर जाळी सांधतात. डोळा किती ठेवायचा, कुठल्या माशाला कुठली वीण, फाटलं तर कुठून धरायचं, सगळं बोटांत आहे. त्याला कुणी छंद म्हणत नाही, त्यावर ग्रंथ होत नाही. पगार घेणारा माणूस रात्री धागा गुंडाळतो त्याला मात्र कारागिरी म्हणतात. हाच धागा पोटासाठी गुंडाळला की मजुरी.

भाची : खरं आहे. फरक एवढाच, की माझी काठी बिघडली तर माझी एक संध्याकाळ जाते. त्यांचं जाळं बिघडलं तर चूल अडते. मला चुका परवडतात. म्हणून मी प्रयोग करू शकते आणि म्हणूनच मला त्यांच्याहून शहाणं समजायचा हक्क नाही. पण मामा, त्या बायकांचं गणित कुणी मापांसकट लिहून ठेवलं आहे का? गॅरिसन आणि कारमायकलने जे केलं ते तिथे व्हायला हवं. त्यासाठी माझा छंद बंद करून उपयोग नाही.

मामा : बंद कर म्हटलं नाही मी. एवढा गाजावाजा करू नकोस, इतकंच. आणि दुसरं, तुम्ही मासा पकडता नि सोडून देता. खायचा नाही तर त्याचा जीव कशाला टांगणीला लावायचा?

भाची : खाडीतला जिताडा मी घरी आणते, तूच कापून देतोस. नदीतला महसीर सोडते. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं शास्त्रीय वर्णन सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केलं. ‘टॉर खुद्री’ असं त्याचं नाव. धरणं, सांडपाणी, सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनी तो हटला. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडावी लागली. महाडजवळ वाळणकोंडीत लोक त्याला देवाचा मासा मानतात, गरी टाकत नाहीत. तिथे मीही टाकणार नाही.

मामा : सोडलेला मासा जगतो याची खात्री काय?

भाची : इथेच काठीचा संबंध येतो. फार मऊ काठीवर मासा खेळवत ठेवला तर तो पार दमतो, आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. सोडल्यावर पोहत गेला तरी पुढे मरतो. सोडायचा असेल तर काठी ताकदीची हवी, म्हणजे तो लवकर किनाऱ्याला येतो. आपल्याला झुंजीची मजा जास्त मिळावी म्हणून नाजूक काठी बांधणं मला पटत नाही. काठीचा जोर ठरवताना मासा खाणार की सोडणार हेही ठरवावं लागतं.

मामा : हातदोरावर मासा पटकन येतो, हे लक्षात ठेव.

भाची : ठेवलंय.

मामा : आता सांग, हे बांधकाम करतेस कधी? पावसाळ्यात? तेव्हा तर समुद्र खवळलेला, वेळच वेळ.

भाची : वेळ असतो, पण हवा नसते. इपॉक्सीचे दोन भाग बरोबर मापाने कालवायचे, ब्रशने धाग्यावर लावायचे आणि काठी मंद गतीच्या मोटारीवर तासन् तास फिरवत ठेवायची, नाहीतर थर एका बाजूला ओघळून गाठ होते. पावसाळ्यातली दमट हवा लागली की थरावर धुरकट, चिकट पापुद्रा येतो. इथे दाभोळला तर विचारूच नकोस. म्हणून पावसात मी मूठ तासते, कड्या बांधते आणि इपॉक्सी दिवाळीपर्यंत थांबवते.

मामा : आणि कार्बनची काठी विजा चमकताना हातात धरू नकोस. ती वीज ओढते म्हणतात.

भाची : कार्बनमधून वीज वाहते, हे खरंच. विजा कडाडत असताना आणि वरून तारा जात असतील तिथे कार्बनचा रॉड उभा धरणं म्हणजे जिवाशी खेळ. हे मात्र प्रत्येक काठीवर लिहून ठेवायला हवं.

मामा : बरं, मला एक बांधून दे म्हटलं तर काय बांधशील?

भाची : तूच सांग. माप तुझं, पाणी तुझं.

मामा : ऐक तर. मी उभा राहतो त्या खडकाच्या पुढे कालवांची पट्टी दोन-अडीच वाव आहे. भरती लागायला लागली की तिच्या पलीकडे मासा येतो. म्हणजे दहा फुटांहून आखूड काठी नको. टोक मऊ हवं. कोलंबी फेकताना गरीवरून निसटता कामा नये. पण टोक सोडलं की पुढे ताठ हवी, कारण गोबऱ्याला पहिल्या हातभर धावेतच अडवावा लागतो. मूठ लांब, दोन्ही हात मावतील अशी, आणि बूड काखेत धरता येईल एवढं. कॉर्कबिर्क नको, आमिषाचा चिकटा त्यात मुरतो. धुता येईल असं काहीतरी लाव. कड्या कमीत कमी आणि खाऱ्या पाण्याला न गंजणाऱ्या. आणि नक्षी नको.

भाची : मामा, तू जे सांगितलंस त्यातलं एकही कुठल्या पुस्तकात वाचून सुचलं नसतं. फक्त कड्या कमीत कमी नाही करता येणार. कमी केल्या तर काठी वाकली की दोर तिच्या अंगाला घासेल. आणि आजकालची विणीची दोरी नुसत्या पोलादी कडीला खाचा पाडते, म्हणून आत सिलिकॉन कार्बाइडचं गुळगुळीत वर्तुळ घालते. बाकी तू म्हणशील तसं.

मामा : घाल. पण हातदोर मी सोडणार नाही.

भाची : सोडू नकोस. होडीत तोच बरा.

संवाद इथे थांबवतो. निवाडा देतो म्हटलं होतं, तो असा. मामाचे तीन मुद्दे मला खोडता येत नाहीत: काठी बांधून पैसे वाचत नाहीत, खेचण्यात हातदोरच सरस, आणि पोटासाठी केलेल्या कामाला आपण कारागिरीचा मान देत नाही. भाचीचा एकच मुद्दा या तिन्हींना पुरून उरतो. काठी स्वतः बांधली की ती तशी का आहे हे कळतं, आणि ते कळलं की दुकानातली काठीही डोळसपणे निवडता येते. मात्र हा फायदा ज्याला पाणी माहीत आहे त्यालाच मिळतो. मामाने सांगितलेल्या काठीचं वर्णन पाहा. लांबी कालवांच्या पट्टीने ठरवली, टोकाचा मऊपणा कोलंबीने, बुडाचा ताठपणा गोबऱ्याने. भाचीचं ज्ञान त्यानंतर कामाला आलं. हा क्रम उलटला की हाती उरते ती नक्षी.

तेव्हा ज्यांना हा छंद करून बघायचा आहे त्यांना माझं सांगणं साधं आहे. सुरुवातीलाच परदेशातून ब्लँक मागवू नका. घरात किंवा ओळखीत कुणाकडे तरी एखादी कडी तुटलेला, टोक मोडलेला जुना रॉड पडलेला असतोच. धारदार पात्याने जुना धागा अलगद काढा, पण पातं खाली ब्लँकला लागू देऊ नका. नवी कडी चिकटपट्टीने लावा, दोर ओवा, टोकाला वजन बांधून वाक बघा, मग धागा गुंडाळा आणि इपॉक्सी लावा. तो रॉड घेऊन एक हंगाम किनाऱ्यावर काढा आणि तिथे जुना हातदोरवाला कुणी भेटला तर त्याच्याशेजारी उभे राहा. नवी काठी कशी हवी ते त्यानंतर ठरवा.